काका, आजीच्या भोपळ्यासाठी थँक्यू

काका,

समोर येऊन बोलले तर तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणत चहा टाकायला उठाल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकावंच लागेल.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. ८० वर्षं आणि वर आठ-दहा महिने झाले की माणसानं १००० पौर्णिमा बघितल्या असा तो हिशोब, आणि माझ्या डोक्यात आलं की १००१ वा चंद्र आपण करायचा, लाल भोपळ्यावर आजीचा चेहरा कोरून आत दिवा लावायचा. आत्या म्हणाली हे काय हॅलोविन? (तिकडेही मूळचे आयरिश लोक सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला, पण आत्याला कोण सांगणार.)

पहिला भोपळा मी एकटीनेच घेतला, मोबाईलमधला फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून प्रिंट काढली, सेलोटेपनं चिकटवली आणि पांढरं दिसेल ते कटरनं आरपार कापत सुटले, अर्ध्या तासात आजीचं नाक आत पडलं, मागोमाग डावा डोळा. दोन दिवस भाजी खाल्ली आम्ही त्याची.

मग तुमच्याकडे आले. तुम्ही भोपळ्याचं नावही न काढता म्हणालात, हा फोटोच चालणार नाही, फ्लॅशनं चेहरा सपाट झालाय. आजीला खिडकीपाशी बसवलंत, एका बाजूनं उजेड, एक गाल सावलीत, सुरकुती न् सुरकुती दिसायला लागली (आजीनं त्यासाठी साडी बदलली हे तुम्हाला माहीत नाही). आणि मग समजावलंत की रंग दोन नाहीत, तीन आहेत. साल ठेवली तिथे काळं, नुसती साल सोलली तिथे उजेड गरातून गाळून येतो म्हणून केशरी, आणि आरपार कापलं तिथे लख्ख. "लिनोकटच आहे गं, फक्त शाईच्या जागी दिवा." (लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून काढलेला छाप.) १९५० पासून फाइन आर्ट्सचं कॉलेज आपल्या बडोद्यात आहे, माझं घर तिथून दहा मिनिटं, आणि मी आत गेलेय ते फक्त गरब्याला!

कुंकवाचं तर मला सुचलंच नसतं. कपाळ आरपार कापलं तर कुंकू कशाला धरून राहणार? म्हणून कपाळ नुसतं सोलायचं आणि मधे सालीचा गोल ठेवायचा. बुबुळं पापणीला जोडलेली, पापणी चष्म्याच्या काडीला, काडी केसांना. काहीही सुटं नाही.

खंडेराव मार्केटात मी इतके भोपळे फिरवून फिरवून बघितले, कारण आपल्याकडच्या भोपळ्यांना खोल खाचा आणि नाक नेमकं खाचेत जातं, की भाजीवाला वैतागून म्हणाला, "बेन, कोळुं खावानुं छे के परणाववानुं छे?" (ताई, भोपळा खायचाय की त्याचं लग्न लावायचंय?) सात किलोचा मिळाला एक, एका बाजूनं गुळगुळीत.

बाईनं अख्खा भोपळा चिरू नये म्हणून आजी अडून बसली, तेव्हा पहिली सुरी तुम्ही घातलीत, तीही देठाकडून नाही, बुडाकडून, म्हणजे वरून डोकं शाबूत. आणि तेवढंच. त्यानंतर चार तास तुम्ही शेजारी बसलात पण एकदाही माझ्या हातातून टूल घेतलं नाही. मी टाचणीनं टोचून टोचून फोटो उतरवला, आतून चमच्यानं गर खरवडला, चेहऱ्यामागे इंचभर राहिला तरी गाल पेटेना, तर तुम्ही फक्त खोलीतला लाईट घालवलात आणि आत बल्ब ठेवलात, म्हणालात बघ कुठे जाड आहे. डोळे आधी, भोपळा घट्ट असतो तोवर, मोठे तुकडे सगळ्यात शेवटी. हनुवटी कापताना माझा हात घसरला तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, मला वाटतं मुद्दाम.

समईची वात नको, गर शिजेल, म्हणून एलईडी लावला. हॉल अंधार केला. आजी बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "चष्मा वाकडा आलाय." फोटोत बघितलं, फोटोतही वाकडाच होता!

कडांना व्हॅसलिन लावलं, ओलं फडकं घातलं, तरी बडोद्याच्या गरमीत चौथ्या दिवशी हनुवटीला बुरशी आली. बाबा गाईला घालायला निघाले तर आजी म्हणे माझं तोंड गाईला घालताय? (व्हॅसलिनमुळे तसंही चाललं नसतं.) शेवटी जास्वंदाखाली पुरला.

खरवडलेल्या गराचे घारगे आजीनं स्वतः तळलेत, डबा रविवारी आणते. लिनो टूल धुऊन, पुसून, खोबरेल लावून ठेवलंय, पण ते या वेळी आणत नाहीये, दिवाळीपर्यंत राहू दे का माझ्याकडे?

तुमची,
समोरच्या गॅलरीतली