पक्याला, शिऱ्याच्या खोकल्यावरून

पक्या,

दिवाळीनंतर एक फोन नाही, मेसेजला नुसते अंगठे, माहितीये. शिव्या नंतर घाल. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर काठावर, बाकी ठीक. लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने, आणि सुजाताला ते अर्धंच कळतं कारण तिने शिऱ्याला त्या रात्री बघितलेलं नाही.

मागच्या रविवारी मेव्हण्याच्या पोराचा वाढदिवस, गंगापूर धरणाच्या बाजूला फार्महाऊस घेतलेलं भाड्याने, स्विमिंग पूलसकट. मोठी माणसं अकरा, पोरं सात, आणि पाण्याकडे कोण बघतंय? सगळेच, म्हणजे कुणीच नाही. मी शेगडीपाशी उभा राहून पनीर जळतंय की नाही यावर अक्कल पाजळत होतो. आमची ओवी पूलच्या पायरीवर बसलेली, मला दिसत होती. मग दिसली नाही. आवाज नाही, पाणी उडालं नाही, काहीच नाही रे. आपल्याला वाटतं बुडणारा हात वर करून ओरडतो, पण श्वासच घेता येत नाही तर ओरडणार कशाने. मेव्हण्याच्या थोरलीने तिला दंडाला धरून वर ओढलं. मी म्हणतो अर्धा मिनिट गेला, सुजाता म्हणते दहा सेकंद, त्यावर आमचं अजून चालू आहे.

ओवी खोकली, ओकली, रडली आणि पाच मिनिटांत केक मागायला लागली. मावशी म्हणे पायाला धर, उलटी कर, पोट दाब. ते मात्र मी करू दिलं नाही. अंबडला कंपनीच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये बसून बसून झोपा काढल्या तरी एवढं डोक्यात राहिलंय, पोट दाबलं की पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात जातं. श्वास थांबलाच असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची आणि कुणीतरी 108 लावायचा, कारण कमी पडलेली असते ती हवा.

सगळे म्हणाले झालं, काही नाही, म्युझिक परत चालू. आणि मी ओवीला काय म्हणालो सांगू? "आजीला सांगू नको हं." तेच वाक्य, पक्या. गाडगे महाराज पुलाखाली तुझी कॉलर धरून म्हणालो होतो तेच. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या पायाशी आलेलं, आपण गंगेवर गेलोच कसे, शिऱ्याला पाण्यात ढकललं कुणी (मी नाही, हे मी मरेपर्यंत म्हणणार), सगळं बाहेर आलं असतं. तू सांगायला निघालेलास. मी शपथ घातली. आणि शिऱ्या रात्रभर खोकत बसला, आपण म्हणालो गारठा लागला, दमलाय. त्याच्या आजीने श्वास घेताना बरगड्या आत जाताना बघितल्या म्हणून सिव्हिल गाठलं, नाहीतर. तीस वर्षं तू प्रत्येक लग्नात हे उकरतोस आणि मी म्हणतो, "वाचला ना शेवटी?" तू बरोबर होतास. घे, लिहून देतो, फ्रेम कर.

तर, घरी आलो, दोनेक तास झाले असतील, ओवी सोफ्यावर लवंडली. ठसका लागल्यासारखा खोकला, थांबेचना. सुजाता म्हणाली, "दमलीये." दमलीये! माझ्या पोटात गोळाच आला. फ्रॉक वर करून घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला चव्वेचाळीस, आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. गाडी काढली आणि कॉलेज रोडवर पोरांच्या हॉस्पिटलात.

रक्तातला ऑक्सिजन 92 टक्के निघाला. वाटेत मोबाईलवर 'ड्राय ड्राउनिंग', म्हणजे पाण्याबाहेर आल्यावर मागाहून बुडणं, वाचून मी अर्धा मेलो होतो, डॉक्टरांनी त्यावरूनच झापलं, असा आजार नसतो, 'सेकंडरी ड्राउनिंग' पण नाही, जागतिक आरोग्य संघटनेची 2005 सालची व्याख्या म्हणे एकच, पाण्याने श्वासाला त्रास झाला की ते बुडणंच, मग माणूस जावो, वाचो की वाचून त्रास राहो. फुप्फुसातल्या फुग्यांना आतून एक निसरडा थर असतो, पाणी तो खराब करतं, फुगे मिटायला लागतात, आत पाणी झिरपतं, आणि याला काही तास लागतात. म्हणून केक मागणारं पोर संध्याकाळी धापा टाकतं. पण त्रास दिसायचा तर बहुतेक आठेक तासांत दिसतो. चार दिवस ठणठणीत आणि पाचव्या दिवशी पोर गेलं, हे व्हॉट्सॅपवरचं, तिथे कारण दुसरंच शोधायचं. खोकला थांबून पोर नेहमीसारखं खेळतंय तर घरी लक्ष ठेवा, पण खोकला चालूच, धाप, तोंडाला फेस, सारख्या उलट्या, भलतीच पेंग किंवा ओठ निळसर, तर सकाळची वाट बघायची नाही. "एक्स-रे सुरुवातीला चांगला येऊ शकतो, त्यावर विसंबू नका," असंही म्हणाले. रात्रभर ऑक्सिजन लावला, सकाळी 98.

आता मी घरात सगळ्यांना नकोसा झालोय. पुढच्या वेळी पूलवर मेव्हण्याची लाल टोपी ज्याच्या डोक्यावर त्याने मोबाईल खिशात ठेवून फक्त पोरं मोजायची, पंधरा मिनिटांनी टोपी दुसऱ्याला. लहान पोर हाताच्या अंतरावर, दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांवर भरवसा नाही. मेव्हणा हसतो. हसू दे. तुझा बारका दीड वर्षाचा ना? बाथरूममधली बादली रात्री पालथी घाल, वीतभर पाणीसुद्धा त्याला पुरतं, डोकं खाली गेलं की या वयात उचलता येत नाही. वहिनींना सांग, मी सांगितलं म्हणून नको सांगू.

प्रमोशनचं ऐकलं, अभिनंदन, पार्टी नाशकात, मिसळीवर भागवणार नाही. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

आणि हो, आईपासून लपवायचं ठरलेलं ना, ओवीने सोमवारीच घरी येऊन सगळं सांगून टाकलं, मी कुठे उभा होतो ते पनीरसकट. तुझ्यावर गेलीये कार्टी.

शिऱ्याचा नवा नंबर पाठव. तीनदा जुना लावला, बंद आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

तुझा,
नंद्या