शिसे गेले तरी नळी साफ करावीच लागते

बाल्टिमोर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

छर्ऱ्यांत आता शिसे नसते, तेव्हा शिकारीनंतर बंदुकीची नळी वरवर पुसली तरी भागेल, असे तू मिनेसोटाहून लिहिलेस, म्हणून आजच उत्तर लिहायला बसलो. बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास १९९१ पासून सबंध अमेरिकेत बंदी आहे, कारण गाळात पडलेले छर्रे बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. ही बंदी मला मनापासून पटते. मात्र तिच्यामुळे आपले साफसफाईचे काम कमी झालेले नाही, फक्त बदलले आहे.

पोलादी म्हणून मिळणारे छर्रे मऊ लोखंडाचे असले तरी शिशाहून बरेच कठीण असतात. नळीला ओरखडे पडू नयेत म्हणून काडतुसात त्यांच्याभोवती जाड प्लास्टिकचा वॅड, म्हणजे पेल्यासारखे वेष्टन, असतो. बार उडताना तो वॅडच नळीला घासत जातो आणि चेंबरच्या (काडतूस बसते त्या भागाच्या) पुढच्या निमुळत्या भागात व तोंडाशी चोकमध्ये (आट्यांनी बसवलेल्या अरुंद नळकांड्यात) प्लास्टिकचा पातळ थर सोडतो. त्या थराखाली ओल अडकली की आतल्या आत गंज धरतो आणि वरून नळी चकचकीतच दिसते.

म्हणून बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून नळी काढ, प्लास्टिक विरघळवणारे द्रावण आत लाव आणि दहा-पंधरा मिनिटे थांब. मग ब्राँझचा ब्रश चेंबरकडून तोंडाकडे फिरव आणि चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. शेवटी तेलाचा केवळ हात फिरव. पुढच्या वेळी बार काढण्यापूर्वी तेही कोरडे पुसायचे असते.

चोकबद्दल मी कळकळीने सांगतो. एका हिवाळ्यात इथल्या चेसापीक उपसागराच्या निमखाऱ्या पाण्यावरून परतल्यावर मी चोक नळीतच राहू दिला आणि महिन्याभरात तो आट्यांत असा धरला की हलेना. तेव्हापासून प्रत्येक वेळी चोक काढून आटे घासतो आणि ग्रीसचे बोट लावूनच परत बसवतो. पोलादी छर्ऱ्यांसाठी फुल, म्हणजे फार अरुंद, चोक वापरू नकोस; छर्रे दबत नाहीत, त्यामुळे नळीचे तोंड फुगू शकते.

तुझी बंदूक बाराच्या गॅसवर चालणारी असल्याने दट्ट्या आणि गॅसची भोके यांवरची काजळीही काढत जा. तिथे जाड तेल मात्र नको, तुमच्याकडच्या थंडीत ते गोठल्यासारखे होते आणि बंदूक अडखळते. बाहेरून उबदार घरात आणलेल्या बंदुकीला घाम सुटतो, म्हणून ती खोळीत न ठेवता लगेच बाहेर काढून पूस, आणि काही दिवस तोंड खाली करून ठेव, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही.

तुझा चोक आज निघतो का ते पाहून कळव. न निघाल्यास त्यावर जोर करू नकोस. द्रावण रात्रभर मुरू दे आणि तरीही हलला नाही तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे ने.

तुझा,
जुना सोबती