कॉइल घेण्याआधी सुई बघा

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आपल्या ट्रॅक्टरची ठिणगी गेली म्हणून मिस्त्री कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) बदलायची म्हणतोय ते कळलं. त्याला जरा थांबवा. वर्षभर उभ्या असलेल्या पेट्रोल-रॉकेलच्या ट्रॅक्टरची ठिणगी गेली की आधी पॉइंट बघायचे (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले मिटणारे-उघडणारे संपर्क), मग वायरी, मग कंडेन्सर (पॉइंटवरचा जाळ दाबणारी छोटी डबी). कॉइल सगळ्यात शेवटी. हल्लीच्या मिस्त्रींचा हात डिझेल इंजिनावर बसलेला असतो, तिथं ठिणगीचं कामच नाही, म्हणून ते पार्ट बदलत सुटतात.

आपल्या फर्ग्युसनचा अमीटर, म्हणजे करंट दाखवणारं सुईचं मीटर, अजून चालतो ना? मग अर्धा फॉल्ट तोच सांगेल. पेट्रोलचा कॉक बंद, गिअर न्यूट्रल, दिवे बंद. चारही प्लग काढा आणि चावी बंद ठेवूनच हँडल दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ असेल ती निघून जाईल. मग प्लग आपापल्या वायरीला लावून भोकांपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवा. प्लग नसले की हँडल हलकं जातं, उलटा झटका बसत नाही. तरी बाबा, हँडल शेजारच्या पोराला फिरवू द्या, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला सांगा. आई, तू सीटपाशी उभी राहून सुई बघ.

चावी चालू करून हँडल सावकाश फिरवलं की सुई डिस्चार्जकडे ३-४ अँपिअर जाऊन परत शून्यावर आली पाहिजे. हँडलच्या दोन फेऱ्यांत चार वेळा. पॉइंट मिटले की कॉइलमधून करंट वाहतो, उघडले की तुटतो, आणि तुटतो त्याच क्षणी ठिणगी पडते. सुई हललीच नाही तर करंट पोचत नाहीये: पॉइंट गंजले, किंवा वायर तुटली. ज्वारीची पोती शेजारी आहेत, उंदरांनी वायर कुरतडली असली तर नवल नाही. सुई जाऊन तिथंच अडकली तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर कुठंतरी वायर लोखंडाला लागून अर्थ होतेय. सुई नीट झुलते आणि तरी ठिणगी नाही, तेव्हा कंडेन्सर, कॅप (डिस्ट्रिब्यूटरचं झाकण), रोटर (त्याखाली फिरणारा तुकडा) आणि कॉइलची जाड वायर बघायची.

सुई हलली नाही किंवा अडकली, तर १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक इंजिनाच्या लोखंडाला, दुसरं कॉइलच्या ज्या टर्मिनलला चावीकडून वायर येते त्याला. लॅम्प लागला नाही तर दोष चावीत किंवा त्या वायरीत. लागला, तर दुसऱ्या टर्मिनलला लावा, जिथून वायर डिस्ट्रिब्यूटरकडे जाते. पॉइंट मिटलेले असताना लॅम्प विझलेला, उघडल्यावर लागलेला, असं हवं. सतत लागलेला राहिला तर पॉइंटमधून करंट जात नाही. सतत विझलेला असेल तर डिस्ट्रिब्यूटरकडची वायर कॉइलवरून सोडा. आता लॅम्प लागला तर कॉइलचं प्रायमरी (कमी व्होल्टेजचं) वाइंडिंग शाबूत आहे आणि अर्थ डिस्ट्रिब्यूटरमध्ये आहे. तरीही लागला नाही, तर कॉइल तुटलेली समजा.

पॉइंट दिसायला चकचकीत असले तरी फसू नका. उभ्या गाडीत त्यांच्यावर डोळ्याला न दिसणारा थर बसतो. ४०० नंबरचा पॉलिश पेपर दोन्ही तोंडांमध्ये धरून चार-पाच वेळा ओढा, मग पेट्रोलमध्ये भिजवून झटकलेला जाड कागद ओढून धूळ काढा. तेलाचा हात लागू देऊ नका. गॅप, म्हणजे पॉइंटमधली फट, लावताना पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागाच्या) उंचवट्यावर बरोबर माथ्याला हवी. तिथं फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.३८ मि.मी.चं, म्हणजे १५ थाऊचं (इंचाचे हजारावे भाग) पातं किंचित अडकत सरकलं पाहिजे. पॉइंटच्या टर्मिनलखालचे फायबर वॉशर मात्र जिथून काढले तिथंच बसवा. एक वॉशर इकडचा तिकडे झाला की सगळं कायमचं अर्थ होतं, आणि मग मिस्त्री दिवसभर कॉइलला शिव्या देतो. डिस्ट्रिब्यूटरमधली छोटी वायरही ओढून बघा. ती वरून धड दिसते आणि आत तुटलेली असते.

कंडेन्सर शॉर्ट झाला तर ठिणगी अजिबात नाही, आणि सुई अडकलेली दिसते. त्याची वायर सोडल्यावर सुई झुलायला लागली तर तोच दोषी. आतून तुटला असेल तर ठिणगी पिवळी, मरतुकडी पडते आणि पॉइंटवर मोठा जाळ दिसतो. तो कॉइलपेक्षा स्वस्त आहे, संशय असेल तर बदलूनच टाका.

सुई झुलत असेल तर कॉइलची जाड वायर कॅपमधून उपटून लाकडी चिमट्याने लोखंडापासून ५ मि.मी.वर धरा आणि सुक्या बोटाने नाही, लाकडी काडीनेच पॉइंट उघडा. निळी, कडकडणारी ठिणगी इथं पडते पण प्लगवर नाही, म्हणजे कॅपला तडा, आतला कार्बन झिजलेला किंवा रोटर गळका. हे संध्याकाळी करा, उन्हात ठिणगी दिसत नाही. पॉइंट मिटलेले ठेवून चावी तशीच चालू सोडू नका, चांगली कॉइल भाजेल.

सेल्फ मारताना ठिणगी नाही आणि सेल्फ सोडताना एकच पडते, असं झालं तर बॅटरी उतरलीय. ती आधी चार्ज करा.

खंडेनवमीच्या पूजेला वेळ आहे, घाई नको. रविवारी फोन करते, तेव्हा एवढंच सांगा: सुई हलली नाही, अडकली, की झुलली.

तुमची थोरली