ब्योमकेशला महायुद्ध कशाला?

महोदय,
बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या ‘सत्यान्वेषी’ या गुप्तहेर ब्योमकेश बक्षीच्या कथेत कोलकात्यातली एक मेस, होमिओपॅथीचे डॉक्टर आणि कोकेनचा चोरटा धंदा, एवढाच ऐवज. दिबाकर बॅनर्जींनी २०१५च्या चित्रपटात त्यावर महायुद्ध, जपानी हल्ल्याची भीती आणि चिनी टोळ्यांचा डोलारा चढवला. ट्राम, जुन्या पाट्या, एकूण १९४३चे कोलकाता झकास जमले; पण शेवटचा रक्तपात या कथेच्या प्रकृतीला मानवत नाही. बासू चटर्जींच्या दूरदर्शन मालिकेत ब्योमकेश झालेले रजित कपूर नुसते बोलता बोलता गुन्हेगाराला कोंडीत पकडत. खर्च कमी, रहस्य जास्त! आणि हो, शरदिंदू मुंबईत पटकथा लिहीत, पुढे पुण्यात स्थायिक झाले. पुणेकरांना हे कुठे आठवते?
– एक वाचक, पुणे