संचालक झालेल्या लेकीला

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी "छान चाललंय" म्हणून सांगितलं, असं तू काल फोनवर म्हणालीस. तुझा आवाज खुशीत होता. मला मात्र तेव्हापासून चैन नाही.

धंदा बिघडला की गिऱ्हाईक फिरकेनासं होतं आणि मालकाला लगेच कळतं. तुझ्यासारख्या सेवाभावी संस्थेत पैसे देणारा एक, सेवा घेणारा दुसरा. घेणारा फुकट मिळतंय म्हणून गप्प बसतो. देणारा लांब असतो, त्याच्या हाती पडतो तो फक्त अहवाल, तोही फोटोंसकट. काम फसलंय हे सांगायला आपणहून कोणी येत नाही. ते हुडकावं लागतं, आणि हुडकणं संचालकाच्याच वाट्याला येतं. वक्तृत्व, दूरदृष्टी वगैरे असलं तर उत्तमच. पण मला कोणी निवडायला सांगितलं, तर मी वाईट बातमी उकरून काढायची खोड असलेलं माणूस आधी घेईन.

बांगलादेशात 'ब्रॅक' ही संस्था १९७२ मध्ये फजले हसन आबेद यांनी सुरू केली. त्याआधी ते तेल कंपनीत हिशेबाच्या कामावर होते (खजिनदारीत आयुष्य गेलेल्या तुझ्या आईला याचं कौतुक असणारच). १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या दारोदार फिरून, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-गुळाचं पाणी कसं करून द्यायचं ते आयांना शिकवत होत्या. किती घरं झाली यावर त्यांचा मोबदला ठरत नसे. नंतर दुसरी माणसं जाऊन काही आयांना प्रश्न विचारत, त्यांच्या किती लक्षात राहिलंय त्यावर तो ठरे. एवढं करूनही सुरुवातीला आढळलं की आयांना सगळं पाठ आहे, पण मूल आजारी पडल्यावर ते पाणी फार थोड्या जणी देतात. खोलात गेल्यावर कळलं, शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता! मग आधी त्यांना समजावलं, घरातल्या पुरुषांशीही बोलणं सुरू झालं. शेवटी १ कोटी २० लाखांहून जास्त घरांपर्यंत ते पोचले. 'इतक्या घरांना प्रशिक्षण दिलं' एवढ्या आकड्यावर ते थांबले असते, तर अहवाल काही वाईट दिसला नसता.

आता माझी चूक सांगते. एका देणगीदाराने संगणकांसाठी दिलेले पैसे आम्ही दोन महिने पगारांना वापरले. अनुदान आलं की भरून टाकू म्हटलं. अनुदान लांबलं. पैसा कोणी खाल्ला नव्हता, पण लेखापरीक्षकासमोर ते वाक्य बोलताना माझी जीभ जड झाली होती. ज्या कामासाठी निधी आला, तो त्याच कामाला. राखीव निधी वेगळा ठेव, आणि पैसे संपत आले तर विश्वस्तांना आधी सांग, नंतर नव्हे.

पगारांचंही बघ. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याने घरचंच खावं, अशी लोकांची अपेक्षा असते. तू आपला पगार नाकारशील, ते मला ठाऊक आहे. मग हाताखालच्यांना मागायची सोय राहत नाही. तेव्हा घे.

आणि संस्थापकांचा धाक बाळगू नकोस. रेड क्रॉस १८६३ मध्ये ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली, ते आंरी द्युनां चारच वर्षांत दिवाळखोर झाले आणि त्यांना समितीतून बाहेर पडावं लागलं. १९०१ मध्ये शांततेचं पहिलं नोबेल त्यांना विभागून मिळालं खरं, पण मधली सगळी वर्षं संस्था दुसऱ्यांनीच चालवली. सुचणं आणि चालवणं, दोन्ही एकाच माणसाला जमेल असं नसतं.

पुढच्या बैठकीत "या महिन्यात काय फसलं?" असं विचारून पाहा. आधी तुझं सांग, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही. पहिल्यांदा सगळे टेबलाकडे बघत बसतील, बसू देत.

ताळेबंद तयार झाला की मला पाठव. मोठ्या अक्षरांत छाप, चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय.

तुझी,
आई