माले, बुवांची ती गोष्ट सांगू का?

प्रिय माले,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही, दिवाळीत फोन नाही, म्हणजे तू मनातल्या मनात मला भरपूर शिव्या घातल्या असशील. त्या पोचल्या असं समज. गुडघा आहे तसाच आहे, ह्यांचं मोतीबिंदूचं नीट पार पडलं, शुगर दोघांची सारखीच. तब्येतपुराण संपलं.

आता मुद्दा. मिरजेला आपल्या व्हायोलिनच्या बुवांची जन्मशताब्दी करतायत. तुला पत्रिका आली नसेल तर अनंतानं मुद्दामच पाठवली नाही. अजून तुझं नाव निघालं की तो पानाला चुना लावायला घेतो. स्मरणिकेची मुद्रितं शुद्धलेखनासाठी माझ्याकडं आलीत, कारण ‘तुम्ही शिक्षिका होतात ना!’ एका लेखात वाक्य आहे, ‘बुवांनी हयातभर परक्या संगीताकडे ढुंकूनही पाहिलं नाही.’ लाल पेन हातात तसंच राहिलं. हे वाक्य खोटं आहे हे जगात आता दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातलं एक बडोद्याला बसून उंधियू खातंय.

एरवी मी सोडून दिलं असतं. स्मरणिकेत खरं कोण लिहितं! पण मध्यंतरी म्युनिकला रेवाकडं गेले होते, तिथं जे ऐकलं ते डोक्यातून जाईना. इथं कुणाला सांगायला गेलं तर ‘हो का, छान’ म्हणतात आणि चहा विचारतात.

रेवानं चर्चमधल्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं होतं. पाश्चात्त्य व्हायोलिन म्हटलं की माझ्यापुढं एकदम साठ माणसं गज वर-खाली करतायत असंच चित्र यायचं. इथं एक किडकिडीत बाई, ऑर्गनवर एक माणूस, आणि टेबलावर कापड अंथरून ओळीनं मांडलेली व्हायोलिनं. मला वाटलं विकायला ठेवलीत.

वाजवायचं होतं ते बीबरचं. हाइनरिश इग्नाझ फ्रान्झ बीबर, जन्म १६४४, मूळचा बोहेमियातला, नोकरी साल्झबुर्गच्या आर्चबिशपकडं. म्हणजे मोझार्टचंच गाव, पण मोझार्टच्या जन्माआधी ऐंशीएक वर्षं. जपमाळेतले येशू-मेरीचे पंधरा प्रसंग असतात, पाच आनंदाचे, पाच दुःखाचे, पाच वैभवाचे. त्या प्रत्येकावर त्यानं व्हायोलिनसाठी एकेक सोनाटा लिहिला, १६७६च्या सुमारास. आणि माले, पहिला सोडला तर प्रत्येकाला तारा वेगळ्या लावायच्या! म्हणून ती टेबलावरची रांग. एकाच वाद्याच्या खुंट्या संध्याकाळभर पिळत बसलं तर एक तार जागेवर राहायची नाही.

आपण प-सा-प-सा लावतो म्हणून तिकडचं व्हायोलिन शिकवणाऱ्या तुझ्या म्हापशाच्या सरांनी काय ऐकवलं होतं आठवतंय? ‘चार तारा चार ठिकाणी, जन्मभर तिथंच. बाकी सगळं गावठी.’ त्यांना नेऊन त्या बाकावर बसवायला हवं होतं. अकराव्या सोनाट्यात, पुनरुत्थानाच्या, मधल्या दोन तारा चक्क एकमेकींवरून ओलांडून बांधतात. घोडीच्या मागं क्रूस दिसतो, मी मान लांब करकरून बघितला. आणि जुळणी काय, तर खालचा सा, वरचा सा, प, आणि वरचा प. मला हसूच आलं. बुवांनी तिथल्या तिथं त्याला गंडा बांधला असता.

लिहिण्याची तऱ्हाही न्यारी. कागदावर असतं ते बोट कुठं ठेवायचं तेवढं. निघणारा सूर वेगळाच, कारण तार सरकवलेली. नुसती नजर टाकून कुणी वाचलं तर वेडगळ काहीतरी ऐकू येईल. हस्तलिखित एकच, तेही म्युनिकच्याच ग्रंथालयात. मुखपृष्ठ हरवलेलं, म्हणून मूळ नावही नाही. प्रत्येक सोनाट्याच्या डोक्यावर छोटं चित्र आहे, त्यावरून प्रसंग ओळखायचा. पहिल्यांदा छापून आले ते १९०५ साली, व्हिएन्नात. सव्वादोनशे वर्षं कुणाच्या कानावर नाहीत. बुवांच्या वह्या आठव. ती वेलांटीसारखी खूण मींडेची की गमकाची, यावरून आपण किती भांडलो. (मींडेचीच होती.)

हा बीबर तुझ्यासारखाच पळपुटा बरं का. आधी मोराव्हियात एका बिशपच्या पदरी होता. १६७० साली बिशपनं त्याला श्टाइनर नावाच्या नामी कारागिराकडून व्हायोलिनं आणायला धाडलं, तो गेला तो गेलाच. थेट साल्झबुर्गला जाऊन दुसरी नोकरी धरली. बिशपनं सहा वर्षं रीतसर मोकळीक दिली नाही. अनंतापेक्षा बराच म्हणायचा.

वाद्यंही जुन्या पद्धतीची. तांतीच्या तारा, सारंगीला असते तशी तांत, तिकडं मेंढीच्या आतड्याची. काकूंनी ते व्हायोलिन माजघराच्या उंबऱ्याआत येऊ दिलं नसतं. पोलादी तार सर्रास झाली ती विसाव्या शतकात, त्याआधी सगळे हेच वाजवायचे. गज हलका, बाहेरच्या अंगाला बाक दिलेला. हनुवटीखाली ती काळी वाटी नाही. बाईंनी हनुवटी टेकवलीच नाही म्हण ना. रेवा म्हणाली, सिगिस्वाल्ड कुइकेन नावाच्या बेल्जियन वादकानं १९६९ साली वाद्य धरायची ही जुनी तऱ्हा पुन्हा सुरू केली, आता पुष्कळ जण तसं वाजवतात. हात खाली उतरताना वाद्य निसटू द्यायचं नाही म्हणून बोटं मुंगीच्या पावलांनी सरकतात. आपण पावलावर टेकवून बसतो आणि हात मोकळा सोडतो, किती सुखी आहोत ते कळलं. आणि सूर सरळ, माले. लांब सूर धरला की उगाच थरथरवायचा नाही. बुवा ‘आस ठेव, आस ठेव’ म्हणून ओरडायचे ती आस, वर तांतीची किंचित खरखर. नीट कान दिला तर राळ ऐकू येते.

पंधरा झाले तरी लोक उठेनात. बाईंनी टेबलावरचं एक व्हायोलिन उचललं, साधंच लावलेलं. ऑर्गनवाल्यानं हात मांडीवर ठेवले. वहीतलं हे शेवटचं, पासाकाल्या म्हणतात. त्यावर चित्र आहे ते बाळाचा हात धरून चालणाऱ्या देवदूताचं. साथीला कुणी नाही.

चार सूर. सां, कोमल नि, कोमल ध, प. पुन्हा सां, नि, ध, प. असं पासष्ट वेळा.

बाकी सगळं त्या चार सुरांवर. तबला सोलोत लेहरा असतो ना, सारंगी बिचारी तेच तेच वाजवत बसते आणि मजा तबलजी मारतो. इथं लेहरा आणि सोलो एकाच हातात. कधी तो उतार खालच्या तारेवर, कधी वर, कधी दोन सुरांच्या मधे लपलेला, पण हटत नाही. वर पळापळ चाललीय, विनवण्या चालल्यात, मधेच दम लागल्यागत थांबणं. खालचे चार सूर आपले उतरतायत. मी पहिल्या दोन आवर्तनांतच मनात ‘जौनपुरी’ म्हणून मोकळी झाले होते. पण जौनपुरीत आपण प वर आलो की पुढं म ग रे सा आहे, घर आहे. हा प वर येतो आणि घरी जातच नाही. परत वर जाऊन उभा. थोड्या वेळानं माझ्या पोटात कालवायला लागलं, कारण मला सारखं वाटत होतं, आता जाईल, आता जाईल. तू हसशील, पण बुवांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसून अशीच प्रत्येक श्वासानंतर पुढच्याची वाट बघत होते. आई, बाबा, सासूबाई, सगळ्यांच्या वेळी डोळे कोरडे ठेवलेली बाई मी. तिथं मात्र शालीच्या काठावर बोटं सां नि ध प दाबत होती आणि पाय ताल धरत होता. रेवा कानाशी येऊन म्हणाली, ‘आई, पुढच्या आजींच्या खुर्चीला लाथा बसतायत.’

बाखचा एकट्या व्हायोलिनचा शाकोन, असाच त्याच त्याच सुरांवर फिरणारा, तू मला कॅसेटवर ऐकवला होतास, ‘हे हिमालय आहे’ म्हणून. १७२०चा तो, हा त्याच्या चाळीसेक वर्षं आधीचा. हिमालय असेल, पण मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आत्ताही म्हणते, त्या कॅसेटवरचा वादक फार घाम गाळत होता. या बाईंनी जोर म्हणून लावलाच नाही.

बाहेर आले आणि पहिल्यांदा काय आठवलं सांगू? तू बुवांपुढं उभी, मान खाली. म्हापशाच्या सरांकडं चोरून जातेस हे त्यांना कळलेलं. मला वाटलं, आता गज फेकून मारतात. तर म्हणाले, ‘वाजव.’ आणि तू ते ए मायनर वाजवलंस, विवाल्दीचं, सगळी पोरं शिकतात ते. ऐकून म्हणाले, ‘याला श्वास घ्यायला फुरसत नाही गं. कुठल्या घराण्याचा?’ तुला सांगता येईना, मला हसू दाबेना.

आता उत्तर देता आलं असतं. व्हेनिसचा पाद्री, तांबड्या केसांचा, पिएता नावाच्या अनाथालयातल्या मुलींना व्हायोलिन शिकवायचा. तू वाजवलास तो ए मायनर कॉन्चेर्टो १७११ साली अ‍ॅमस्टरडॅमला छापलेला. १७४१ साली व्हिएन्नात कफल्लक अवस्थेत गेला आणि जग त्याला विसरलं. १९२६ साली इटलीतल्या एका मठाच्या शाळेला इमारतीसाठी पैसे हवे होते, म्हणून जुनी बाडं विकायला काढली; किंमत ठरवायला तुरीनच्या ग्रंथालयात दाखवली, तर आत विवाल्दीच्या हातचे ढीग. ग्रंथालयाकडं पैसे नाहीत. अल्बेर्तो जेंतिली नावाच्या प्राध्यापकानं फोआ नावाचा गिऱ्हाईक शोधला. त्याचा लहानगा मुलगा गेला होता, त्याच्या नावानं त्यानं बाडं घेऊन ग्रंथालयाला दिली. मग लक्षात आलं, अर्धाच ठेवा आहे. उरलेला जिनोआच्या एका उमराव घराण्यात निघाला. तो १९३०मध्ये जोर्दानो नावाच्या माणसानं घेऊन दिला, आणि त्याचाही मुलगा गेलेला! तुरीनला अजून ते दोन संग्रह त्या दोन पोरांच्या नावानं आहेत, माउरो आणि रेंझो. जेंतिली ज्यू, १९३८च्या कायद्यांनी त्याची नोकरी गेली. त्या ढिगावर पुढं ज्यांनी नाव कमावलं ते दुसरेच. अशा गोष्टींत नेहमी दुसरेच असतात.

बुवांच्या वह्या अनंताच्या माळ्यावर आहेत, रंगाच्या डब्यांशेजारी. हे फक्त तुला म्हणून सांगितलं.

तर त्या प्रसंगानंतर तू गेलीस. त्या पावसाळ्यात कृष्णेला पाणी आलं आणि मी बुवांकडं अडकले, तेव्हाची रात्र तुला लिहून कळवली होती. काकू निजल्यावर माडीवर बुवा हळूच तेच ए मायनर चाचपत होते. मांडी घालून, पावलावर व्हायोलिन टेकवून, प-सा-प-सात. एका उताराशी अडायचे, पुन्हा वरून. सकाळी मला म्हणाले, ‘पावसानं झोप लागली नसेल.’ मी म्हटलं, ‘लागली.’ तू उलट टपाली कार्डावर एवढंच लिहिलंस, ‘शाबास बुवा.’ ते कार्ड आहे माझ्याकडं.

आता पेच बघ. वाक्य नुसतं खोडलं तर अनंता विचारणार, का. का ते सांगायचं तर तुझं म्हापशाच्या सरांकडं जाणं आलं, आणि बुवांनी तुला हाकललं नव्हतं, उलट वाजवायला लावलं होतं, हेही आलं. सगळं मिरज इतकी वर्षं समजून आहे की बुवांनी तुला बाहेर काढलं. तू कधी बोलली नाहीस म्हणून मीही नाही. तुझं गप्प बसणं बुवांसाठी होतं की स्वतःसाठी, हे मला कधीच कळलं नाही; भांडणातसुद्धा विचारलं नाही, आणि आपण भांडलो तर थोडं नाही. माझं एक मन म्हणतं, गेलेल्या माणसाची रात्रीची गोष्ट चव्हाट्यावर का आणा. दुसरं म्हणतं, त्या रात्रीइतकं मोठं त्यांचं दुसरं काही मी पाहिलेलंच नाही, आणि हे लोक नेमकं तेच पुसतायत. रात्री दोन-दोनला जाग येते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, स्वल्पविराम तपास आणि दे परत.

कार्यक्रमात मला ‘ज्येष्ठ शिष्या’ म्हणून दहा मिनिटं दिलीत. जौनपुरी वाजवीन म्हणून कळवलंय. वाजवायचाय तो खालचा उतार, सां नि ध प, आणि वर ती सगळी माया. पण ते एकटीच्यानं व्हायचं नाही. दोन तारा एकदम दाबायचं माझ्या बोटांना कुणी शिकवलं नाही, आणि आता शिकतील असं वाटत नाही. म्हणून विचारते, तू ये. मी खाली चार सूर धरते, वर तू वाजव. बीबरचं वाजव, ए मायनर वाजव, काय हवं ते. बुवांनी व्हायोलिन मला दिलं आणि हात तुझ्याकडं राहिला, हे तू लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवलंस. त्या दिवशी तेच व्हायोलिन तू घे, मी माझं डबडं घेते. पण त्या दिवसापुरतं, आधीच सांगून ठेवते.

वाजवण्याआधी ती रात्र सांगू का, की नुसतंच वाजवायचं, ते तू ठरव. नको म्हणालीस तर नाही सांगणार. वाक्य मात्र खोडणार.

तुझ्या सुनेचे दिवस कधी भरतायत? भाऊजींचं प्लॅस्टर निघालं का? दुकान विकायचं म्हणत होतीस, घाई करू नकोस. धाकट्याचं कळलं, वाईट वाटलं, भेटीत बोलू.

मुद्रितं शनिवारी द्यायचीत. फोन कर, दोन ते चार सोडून.

तुझी,
कुंदा

ता.क. पुण्यापर्यंतचं तिकीट काढ, पुढं मी गाडी करते. येताना लिलो चेवडो आण, पण मागच्या वेळचा खवट होता.