गाडीवाल्याशी फोनवर भांडू नको, लेखी दे

प्रिय बेटा,

काल फोनवर तू लई चिडलेली होतीस म्हणून जास्त बोललो नाही, आता निवांत लिहायलोय, नीट वाच. सर्व्हिस सेंटरच्या रेकॉर्डला २०२२ मधीच ९१ हजार किलोमीटर अन् त्या कार बाजारवाल्यानं तुला ५२ हजार रनिंग सांगून विकली, वरून समोरून ठोकलेली गाडी 'नॉन ॲक्सिडेंट' म्हणून गळ्यात मारली. तुझे सासरे म्हणतात जुन्या गाडीत असं चालायचंच, मला ते अजिबात पटत नाही. जुनी गाडी जुनी असते हे मान्य, पण मीटर मागं फिरवणं ही फसवणूक आहे.

आधी त्याला रोज फोन करायलीस ते बंद कर. त्याची जाहिरात, व्हॉट्सॲपवरचं 'नॉन ॲक्सिडेंट' वालं चॅट, मीटरचा फोटो, पैसे पाठवल्याची बँकेची नोंद, सगळं जप, अन् तो मूळ फोन विकू नको. सर्व्हिस हिस्ट्री सही-शिक्क्यानिशी कागदावर घे. आणि तो म्हणायलाय ना 'गाडी आणून सोडा, फुकटात काम करून देतो', तर मुळीच सोडू नको, पुरावा त्याच्याच गॅरेजमधी नेऊन द्यायचा का? त्याच्या कुठल्याच 'तक्रार नाही' छाप कागदावर सही करू नको.

तू पावतीवर 'जशी आहे तशी घेतली' खाली सही केलीस म्हणून घाबरलीस, पण कायदा एवढा आंधळा नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ ते १९ वाच, फसवून संमती घेतली असेल तर करार रद्द करता येतो. 'नीट पाहिलं असतं तर कळलं असतं' हा बचाव तो गप्प बसला असता तर चालला असता, इथं त्यानं चॅटवर उघड खोटं सांगितलंय. फक्त एक, सगळं कळल्यावरही गाडी पळवत राहिलीस तर तो म्हणणार की तुम्ही पत्करली म्हणून, तेव्हा ती उभी करून ठेव.

मग स्पीड पोस्टनं नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन. गाडी परत घे अन् पैसे दे, हीच मागणी ठेव. किमतीतला फरक घेऊन गाडी ठेवणं हा पण मार्ग आहे पण पुढनं ठोकलेल्या गाडीत माझी नात बसणार, मला ते नको.

नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तू जिथं राहतेस तिथंच तक्रार करता येते, म्हणजे छत्रपती संभाजीनगरलाच, त्याच्या नांदेडला खेटे घालायची गरज नाही. गाडी ४ लाख ६० हजारांची, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही, ऑनलाइन पण भरता येते. मुदत २ वर्षांची आहे पण तेवढं थांबू नको. तपासणी लागली तर आयोग तज्ज्ञाकडून करून घेऊ शकतो, म्हणून तर म्हणतो गाडीला पाना लावू देऊ नको. त्याआधी १९१५ हेल्पलाइनला फोन करून बघ, कधीकधी तेवढ्यावर पण मिटतं.

पोलिसांत पण अर्ज दे, भारतीय न्याय संहिता कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०. ठाण्यात 'हे दिवाणी आहे' म्हणून वाटेला लावतील, तर तोच अर्ज पोस्टानं एसपी किंवा आयुक्तांकडं पाठव. आयोगातली केस अन् हे, दोन्ही सोबत चालू शकतं. अन् १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, याच्याकडं आहे का ते नांदेडच्या ऑफिसात लेखी विचार.

हप्ते मात्र थांबवू नको. बँकेचा करार वेगळा आहे, तुझाच सिबिल खराब होईल अन् त्याला काही फरक पडणार नाही.

जावईबापूंना हे वाचायला दे, त्यांनी तिकडं जाऊन हाणामारी करायची भाषा केलेली मला आवडली नाही, उलटी केस आपल्यावरच होईल. नोटिशीचा मसुदा मी लिहायला घेतलाय. शनिवारी अंबाजोगाईला ये, सगळे कागद घेऊन ये, अन् एसटीनं ये.

तुझे पप्पा